शाळेपुढचा चिखल

बीटाची सुगी त्या साली पावसातच उजाडली. सप्टेंबरच्या अखेरीला धरलेली झड नोव्हेंबर लागला तरी सुटत नव्हती. बेव्हरहूकच्या रानात माती अशी भिजली होती की पाय उचलला तर पाय वर यायचा आणि बूट तिथंच राहायचा. तरी बीट काढायलाच हवं होतं. गावाच्या दक्षिणेला बीटाची रानं, आणि काढलेला माल रचायची सिमेंटची फरशी उत्तरेला, कालव्याकाठी. साखर कारखान्याचे ट्रक तिथून ठरल्या वेळी माल उचलायचे. वेळेला ढीग तयार नसला तर ट्रक रिकामा निघून जायचा आणि पुन्हा आठ दिवस फिरकायचा नाही. रान आणि फरशीच्या मधे गाव, आणि गावातून एकच रस्ता, चर्चच्या कडेनं निघून शाळेच्या फाटकावरून जाणारा.

चाकांना चिकटलेली माती रानातून निघायची ती नेमकी शाळेपुढच्या वळणावर गळायची. ढेकळं, त्यांवर पाऊस, त्यावर पुन्हा चाकं. बघता बघता तिथं लोण्यासारखा रेंदा व्हायचा. पोरं त्यातून सायकली दामटत शाळेत जायची आणि वर्गात मोजे वाळत घालायची.

लिझलॉट आपल्या लेकीला, फीनला, रोज त्याच वाटेनं शाळेत सोडायची. फीन आठ वर्षांची, तिसरीत; गावची शाळा सहावीपर्यंतच. रस्त्याच्या कडेला फीन आणि गाड्यांच्या अंगाला आई, अशा दोघींच्या सायकली जोडीनं चालायच्या. लेक फाटकाच्या आत गेली की लिझलॉट तशीच पुढं चिकोरी या कडवट भाजीच्या शेडमध्ये कामाला जायची. तिथं अंधाऱ्या खोल्यांत मुळांवर पांढरे कोंब वाढवलेले असत. दिवसभर उभं राहून कोंब मोडायचे, वरची पानं सोलायची, पेटीत रचायचे. चिकोरीचा कडू चीक बोटांना लागला की काळपट तपकिरी डाग पडतो, आणि तो सुगी सरेपर्यंत हातावरून उतरत नाही.

तिचा नवरा वानेस जर्मेनकडे ट्रॅक्टरवर होता. जर्मेन भाड्यानं शेतीची कामं करून देणारा मोठा माणूस. पाच ट्रॅक्टर, दोन काढणीची यंत्रं. वानेस त्याच्याकडे सात सुग्या होता. पहाटे पाचला डबा घेऊन जायचा, अंधार पडल्यावर परतायचा, आणि जेवताना हात स्टिअरिंगवर असल्यासारखे ताटाच्या दोन्ही बाजूंना ठेवून बसायचा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी त्या वळणावर लिझलॉटच्या पुढं हानेलोर होती. ही बाई दोन वर्षांपूर्वी गेंट शहरातून गावात राहायला आलेली. तिची मुलगी मिर्ट सात वर्षांची. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवर दप्तर. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तशी हानेलोरनं मागे वळून पाहिलं आणि मुलीला कडेला हो म्हणून सांगितलं. मिर्ट कडेला झाली, पण कडेलाच चिखल जास्त होता. पुढचं चाक आडवं सरकलं आणि पोर रस्त्याच्या बाजूला कोसळली.

ट्रॅक्टर पुढं गेला होता. मागची बीटानं भरलेली ट्रॉली जात होती. तिचं चाक सायकलवरून गेलं. लोखंड चिरडल्याचा आवाज झाला, एक बीट वरून घसरून रस्त्यावर पडलं आणि घरंगळत गटाराशी थांबलं. ट्रॉली वळण घेऊन निघून गेली.

पोर वाचली होती. पडताना सायकल एकीकडे आणि ती दुसरीकडे झाली, एवढंच. पण उजवा हात कोपराखाली भलताच वळला होता, आणि ती रडतही नव्हती. तोंड उघडं ठेवून नुसती श्वास घेत होती. हानेलोर चिखलात गुडघे टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं आणि लिझलॉटला विचारलं,

"कोण होता तो? तू पाहिलंस?"

लिझलॉटनं पाहिलं होतं. ट्रॉलीच्या मागच्या हिरव्या फळीला उजव्या कोपऱ्यात पोचा होता. गेल्या साली फाटकाच्या खांबावर घासून वानेसनंच तो पाडला होता आणि घरी येऊन स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या. आजूबाजूला चार-पाच आया जमल्या होत्या. फीननं आईच्या कोटाची बाही धरली होती. 'नंबर दिसला नाही' म्हणाली असती तर कुणी खोटी पाडली नसती.

"वानेस," लिझलॉट म्हणाली. "माझा वानेस होता."

 हानेलोरनं पुन्हा मुलीकडे मान वळवली.

वानेसला तर पत्ताच नव्हता. लिझलॉटनं फोन केला तेव्हा तो फरशीवर ट्रॉली रिकामी करत होता. त्यानं आधी यंत्र बंद केलं. मग त्यानं विचारलं, "पोर?" आणि ती जिवंत आहे, हात मोडलाय, असं ऐकल्यावर फोन बंद केला. संध्याकाळी तो घरी न येता तसाच पोलिसांकडे गेला. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. रस्ता निसरडा होता, चालक हळू होता, आरशात दिसण्यासारखं नव्हतं. त्याच्यावर दोष नाही असं आठ दिवसांत ठरलं. आणि चिखल कुणाचा, तर तो पाच शेतकऱ्यांच्या रानातला एकमेकांत मिसळलेला, म्हणून कुणाचाच नाही.

दोष नाही म्हणून कागद आला, पण त्यानं वानेसला काही आराम पडला नाही. जेवताना मधेच तो डावीकडे, उजवीकडे पाहायचा, जसा ट्रॅक्टरचे आरसे पाहतोय. शाळेच्या फाटकाशी लिझलॉटचंही तसंच झालं होतं. ती आली की आयांचं बोलणं थांबायचं. कुणी तोडून बोलत नसे, हवापाण्याचं विचारत. ते जास्त लागायचं.

दोनच आठवड्यांत हानेलोरनं अर्ज काढला. शाळा भरण्याआधी एक तास आणि सुटल्यानंतर एक तास जड वाहनं शाळेवरून जाऊ नयेत, आणि ज्यानं रस्ता घाण केला त्यानंच तो त्याच दिवशी धुवावा, एवढ्या दोनच मागण्या. ती आणि आणखी दोघी संध्याकाळच्या घरोघर फिरल्या. लिझलॉटच्या शेजारच्या घरी आल्या, पलीकडच्या घरी गेल्या. मधलं दार त्यांनी वाजवलं नाही. लिझलॉट पडद्याआड उभी राहून बघत होती. भांडी विसळता विसळता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी शेडमधून सुटल्यावर ती थेट हानेलोरच्या दारात गेली. अंगाला चिकोरीचा वास, बोटं तपकिरी. मिर्ट आत हात गळ्यात बांधून बसली होती. लिझलॉटनं कागद मागितला.

हानेलोरला अवघडल्यासारखं झालं. "तुझ्या घराला मुद्दाम टाळलं असं नाही गं," ती म्हणाली. "तुझी अडचण होईल म्हणून. नवऱ्याच्या पोटावर पाय येईल अशी सही करायला कुठल्या तोंडानं सांगू?"

"मला सांगायचं नाही, विचारायचं होतंस. नाही म्हणायचं तर मी म्हणाले असते."

तिनं एकेचाळिसाव्या ओळीवर सही केली. अंगठ्याचा चीक कागदाच्या कडेला उमटला.

ही गोष्ट जर्मेनच्या कानावर जायला एक दिवससुद्धा लागला नाही. रविवारी तो स्वतः घरी आला. कॉफी घेतली, बिस्किट बुडवून खाल्लं, फीनला शाळेचं विचारलं. बोलत होता वानेसशी, पण ऐकवत होता लिझलॉटला. लहानपणी तो स्वतः याच शाळेत लाकडी बुटांतून चिखल तुडवत गेला होता, कुणी अर्ज केला नव्हता, असं म्हणाला. शहरातून येणाऱ्यांना गाव चित्रातल्यासारखं हवं असतं, असं म्हणाला. आणि उठता उठता म्हणाला, "कारखान्याचा ट्रक नऊला येतो. आठ ते नऊ मी रस्त्यावर जायचं नाही. मग काय करू, ट्रॅक्टरला पंख लावू?"

वानेस खाली मान घालून बसला होता. लिझलॉटला वाटलं, तो काहीतरी बोलेल. तिच्या बाजूनं नाही तर निदान विरुद्ध तरी. त्यानं जर्मेनचा रिकामा कप उचलून विसळायला नेला.

सासऱ्यांनी मात्र तोंड उघडलं. ओडील शेजारच्याच दोन खोल्यांत राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी सगळी जमीन विकली होती. फक्त चर्चच्या दफनभूमीमागचं दीड एकराचं कुरण ठेवलं होतं, आणि त्यात एक म्हातारी ओढकामाची घोडी, बेला. ते सुनेला म्हणाले, "चिखलाला घाण म्हणू नका. त्यावरच तुम्ही सगळे मोठे झालात."

"पोरांच्या चाकाखाली आला की घाणच, बाबा," लिझलॉट म्हणाली.

त्यानंतर ते तिच्या हातची भाजी घ्यायचे, पण भांडं परत करताना फीनकडे द्यायचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावच्या सभागृहात बैठक झाली. महापौरांनी अर्ज हाती धरून सगळ्यांचं कौतुक केलं. आयांचं बरोबर आहे म्हणाले, शेतकऱ्यांचंही बरोबर आहे म्हणाले, आणि नवा रस्ता अभ्यासाधीन आहे असं सांगितलं. मागच्या ओळीतून कुणी तरी विचारलं, अभ्यास संपेपर्यंत पोरं बारावी होतील का? हशा झाला. जर्मेन उठून म्हणाला की त्याला शाळेवरून जायची हौस नाही. दुसरी वाट दाखवा, उद्यापासून जातो.

तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं एक वाट सुचवली. रानातली गाडीवाट दफनभूमीपर्यंत येतेच. पुढं फक्त ओडीलचं कुरण. ते ओलांडलं की कालव्याचा रस्ता. शाळा लागतच नाही.

सगळ्या माना एकदम वळल्या. ओडील भिंतीशी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी लिझलॉट. तिला हे कधी सुचलंच नव्हतं, आणि आता कुणाला ते खरं वाटणार नव्हतं. सासऱ्यांना तर नाहीच.

ओडील उठले. आवाज चढवला नाही. "त्या कुरणाखाली भाजक्या मातीचे नळ आहेत," ते म्हणाले. "पाणी निघायला. माझ्या बापानं आणि मी हातानं पुरलेत, एकेक फुटाचा एकेक. मी चौदा वर्षांचा होतो. वीस टनांची ट्रॉली गेली की ते फुटणार. एकदा फुटले की ते कुरण नाही, डबकं." त्यांनी टोपी घातली. जाताना सुनेकडे पाहिलं. "लेकरांसाठी मागताय, मला कळतं. पण मागायचं ठरवलं होतं तर घरात मागायचं. सभेत नाही."

दार लागलं. हानेलोरनं लिझलॉटच्या हातावर हात ठेवला. लिझलॉटनं आपला हात हळूच काढून घेतला.

सभेतून काही निघालं नाही तेव्हा आयांनी फावडी उचलली. रोज सकाळी सातला, अजून उजाडायचं असताना, सात-आठ बाया आणि दोन बाप वळणावर जमायचे. फावड्यानं रेंदा ओढायचा, ढकलगाडीत भरायचा, मागून पाण्याचा मारा. चिखल फावड्याला असा चिकटायचा की दोन वेळा ओढला की तिसऱ्यांदा फावडंच उचलवत नसे. लिझलॉट पहिल्या दिवसापासून होती. तासभर ते करून मग आठ तास चिकोरी. रात्री कूस बदलताना कमरेतून कळ यायची. आणि रस्ता साफ झाला की आठ वाजून दहा मिनिटांनी पहिला ट्रॅक्टर यायचा आणि सगळं होतं तसं करून जायचा. चालक वरून हात हलवायचे. एक जण तर हॉर्न वाजवून, "बायांनो, माझ्या अंगणातही या," असं ओरडून गेला. दोघी हसल्या. काय करणार.

वानेसही त्यातच होता. तो हात हलवत नसे. बायकोच्या शेजारून जाताना तो ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं न्यायचा आणि समोर बघायचा. घरी या विषयावर एक शब्द होत नव्हता. एकाच घरातली दोघं, एक चिखल आणतो आणि एक काढते, असं गावात म्हणू लागले होते. ते दोघांच्याही कानावर होतं.

सतरा डिसेंबरला हात मोडल्यानंतर पहिल्यांदा मिर्ट सायकलवर येणार होती. आयांनी ठरवलं की त्या दिवशी रस्ता साफ करून बाजूला व्हायचं नाही. आठ वाजता त्या फावडी धरून रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. पाऊस नव्हता, पण धुकं होतं. दिवे आधी दिसले, मग आवाज. पहिला ट्रॅक्टर जवळ आला तेव्हा लिझलॉटला वरची आकृती ओळखू आली. खांदे थोडे पुढं, मान आखडलेली. मागं आणखी दोन ट्रॅक्टर होते.

वानेस तीस पावलांवर थांबला. इंजिन घुरघुरत राहिलं. हानेलोर लिझलॉटच्या शेजारी होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला, एकदा, दोनदा, मग लांबलचक. वानेसच्या केबिनमध्ये फोनचा निळा उजेड लागला. तो फोनवर काही तरी बोलला, फार थोडं. मग त्यानं इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. चर्चच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं ते ऐकू येत होतं. पोरं यायला लागली. पाच, दहा, वीस सायकली, एकामागून एक, थांबलेल्या चाकांच्या कडेनं. मिर्ट आली, हँडल घट्ट धरून, ओठ आत घेऊन. ती वानेसच्या ट्रॅक्टरपाशी पोचली तशी थांबली. पाय टेकला. वर बघितलं. वानेसनं काच खाली केली नाही. नुसतं बोट दाखवलं, फाटकाकडे, जा म्हणून. ती गेली.

घंटा झाली. फाटक बंद झालं. तेव्हा वानेसनं इंजिन चालू केलं आणि आया बाजूला झाल्या. फरशीवर पोचेपर्यंत कारखान्याचा ट्रक निघून गेला होता.

जर्मेननं आरडाओरड केली नाही. दुपारी त्यानं वानेसकडून ट्रॅक्टरची किल्ली मागून घेतली आणि सात वर्षं बरं काम केलंस म्हणाला. वानेस पाच किलोमीटर चालत घरी आला. लिझलॉट शेडमधून आली तेव्हा तो अंगणात बसून बूट धूत होता.

"तू होतास म्हणून आम्ही उभ्या नव्हतो राहिलो," ती म्हणाली. "पहिला तू येशील हे मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं, तू असशील." त्यानं ब्रश पाण्यात बुडवला. "फोनवर जर्मेन म्हणाला, हळूहळू पुढं घे, त्या हटतील. बाया हटतातच म्हणाला." तो टाच घासू लागला. "मला वाटलं, हटल्या तर? आणि कुणी घसरलं तर?"

ती त्याच्याजवळ पायरीवर बसली. दोघांच्याही तोंडातून त्या थंडीत वाफ येत होती.

त्याच आठवड्याच्या शनिवारी लिझलॉट कपडे वाळत घालत असताना ओडील दारावरून गेले. हातात दावं, मागं बेला. घोडी संथ, जड पावलं टाकत होती. तिच्या पायांवरचे लांब केस मातीनं भरले होते. कुठं चाललात, असं तिनं विचारलं. पलीकडच्या गावी मावसभावाकडे, म्हणाले. त्याच्या तबेल्यात जागा आहे. एवढंच. संध्याकाळी ते पायीच परतले, एकटे. दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्यावर त्यांनी कुरणाचं फाटक बिजागऱ्यांतून उचकटून काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मदतीला वानेस गेला तर त्याला दुसरी बाजू धरायला दिली, पण का म्हणून सांगितलं नाही. जर्मेनकडे निरोप मात्र स्वतः पाठवला: सुगी संपेपर्यंत. कागदबिगद नाही.

सोमवारपासून ट्रॅक्टर कुरणातून जाऊ लागले. वानेसच्या ट्रॅक्टरवर आता दुसराच माणूस होता. पहिल्या दिवशी गवत आडवं झालं, दुसऱ्या दिवशी उपटलं. नाताळच्या आधीच चाकोऱ्या गुडघाभर खोल गेल्या. ओडील रोज दफनभूमीच्या भिंतीपाशी येऊन उभे राहायचे. नाताळनंतर एका दुपारी लिझलॉट त्यांना कॉफी घेऊन गेली, तेव्हा त्यांनी चाकोरीकडे बोट केलं. चिखलातून भाजक्या मातीचा लाल तुकडा वर आला होता, अर्धा गोल, आतून गुळगुळीत. पलीकडे पाणी तुंबून राखाडी तळं झालं होतं.

"फुटले," ते म्हणाले. कॉफी घेतली. त्या दिवशी कप त्यांनी तिच्या हातात दिला.

शाळेपुढचा रस्ता जानेवारीत कोरडा होता. पोरं दोन-दोनच्या रांगेनं सायकली चालवत यायची. महापौरांनी वळणावर गोल पाटी लावली, सकाळ-संध्याकाळ जड वाहनांना बंदी, तूर्त एका वर्षासाठी. हानेलोर केक घेऊन आली, दारातच उभी राहून वानेसला काही तरी म्हणायचा प्रयत्न केला, आणि जमलं नाही तेव्हा त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. वानेसला आता गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात पाळीचं काम लागलं होतं. उभ्यानं, छपराखाली, दिवसभर पट्ट्यावरून सरकणाऱ्या कोबीच्या गड्ड्यांकडे बघत. ट्रॅक्टरचं नाव काढत नसे. रस्त्यानं एखादा गेला तर कान मात्र तिकडे जायचे, आणि इंजिनात काय बिघाड आहे ते त्याला आवाजावरून कळायचं.

फेब्रुवारीत नगरपालिकेचं पत्रक घरोघर आलं. पहिल्याच पानावर फोटो होता: स्वच्छ रस्ता, सायकलवरची मुलं, मधोमध महापौर. खाली आयांचे, शाळेचे आणि 'समजूतदार शेतकरी बांधवांचे' आभार. ओडीलचं नाव कुठं नव्हतं. लिझलॉटनं दोनदा वाचून पाहिलं. ती तणतणत सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि पत्रक त्यांच्यापुढं टाकून म्हणाली की मी आत्ता जाऊन विचारते त्यांना.

ओडीलनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. फीन दुसऱ्या रांगेत होती, अर्धी कुणाच्या तरी मागं झाकलेली.

"बरं झालं नाव नाही छापलं," ते म्हणाले. "छापलं असतं तर मानपानात धरून पुढच्या वर्षीही मागितलं असतं."

"पुढच्या वर्षी नका देऊ," लिझलॉट म्हणाली. "आता नका देऊ, बाबा. नळ दुरुस्त करू आपण. वानेस म्हणत होता, उन्हाळ्यात खणू."

ओडीलनी पत्रकाची घडी घातली. खिडकीतून पाहिलं, बाहेर पुन्हा बारीक भुरभुर सुरू झाली होती.

"फीन पुढच्या वर्षी कितवीत जाईल?"

"चौथीत."

"म्हणजे चौथी, पाचवी, सहावी." त्यांनी टेबलावर तीन बोटं एकेक करून टेकवली. "दुरुस्ती तिसऱ्या सुगीनंतर काढू. आत्ता केली तर वायाच जाईल."

मग ते उठले, कुरणाकडे जायला दाराशी बसून गमबूट चढवू लागले. डावा लवकर चढेना, तेव्हा लिझलॉट खाली वाकली आणि तिनं टाच धरली.